पहिला नट खोलायच्या आधी

हेडफोन लावलेत ना? एरवी आपण इथं कोड, नोकरी, अप्रेझल, पुण्यातलं घरभाडं असल्या गोष्टींवर बोलतो. आज एका जीपबद्दल बोलायचंय. आणि जे वाचतायत त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे जसं बोललो तसंच उतरवलंय, फक्त मधले 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

तर, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. घरामागं एक चिंच आहे. त्या चिंचेखाली गेली दहा वर्षं एक जीप उभी आहे. महिंद्रा एमएम ५४०, १९९२ सालची, फोर बाय फोर. घेतली आबांनी, म्हणजे आजोबांनी. चालवली अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. वरच्या वाड्यांवरचं दूध खाली डेअरीला आणायचं काम त्या गाडीनं वर्षानुवर्षं केलं. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना मी जास्त सांगायला नको. जुलैत त्या रस्त्यांना रस्ता म्हणणं हा रस्त्याचा सन्मान आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये गाडी बंद पडली आणि पडूनच राहिली. मी तेव्हा नुकताच बीटेकच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर गेलो होतो. फोनवर अप्पांनी एवढंच सांगितलं, "गाडी बंद पडलीया, आता नाय काढत." मीही फार विचारलं नाही.

यंदा दिवाळीला गावी गेलो, तर दारात भंगारवाला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, पस्तीस हजार. अप्पा 'बघू' म्हणाले. आणि मी, ज्यानं आयुष्यात स्कूटीचा प्लगसुद्धा स्वतः बदललेला नाही, मी पटकन बोलून गेलो, "देऊ नका. मी बनवतो ती."

आता हे वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात. निभवायला किती लागतात, याचा हिशोब मी पुढचे दोन महिने करत होतो. तोच आज तुमच्यासमोर ठेवतो. कारण मला माहितीये, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरामागं, शेडमध्ये, मामाच्या गोठ्यात असलं काहीतरी उभं असणार. आणि रात्री अकरा वाजता यूट्यूबवर गंजलेल्या जीपा बारा मिनिटांत चकाचक होताना बघून तुम्हालाही हात शिवशिवत असणार.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद नावानं जी कंपनी सुरू झाली, ती १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू झाली. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या जीपा त्याच झाडाच्या फांद्या. एमएम ५४० ही पुढची पिढी. आमच्या गाडीत प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. ना सेन्सर, ना ईसीयू. मला हेच आकर्षण होतं खरं. आपण दिवसभर जे करतो ते हाताला लागत नाही. इथं सगळं समोर दिसतं.

पण दिसतं म्हणजे जमतं असं नाही. म्हणून मी कराडच्या एका मिस्त्रींना गाठलं. साठीचे आहेत, आयुष्य जीपांखाली गेलंय. त्यांना म्हटलं, फक्त बघायला चला, पैसे देतो. ते आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "पाना आत ठेवा. आधी हातोडी आणा."

मंडळी, ही पहिली शिकवण. जीपचा जीव इंजिनात नसतो, चॅसिसमध्ये असतो. इंजिन बांधता येतं, पत्रा नवा मिळतो, टायर मिळतात. चॅसिस सडली असेल तर विषय संपला. मिस्त्रींनी एक छोटी हातोडी घेतली आणि चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी ठोकत गेले. चांगलं लोखंड 'टण' असं बोलतं. सडलेलं 'थप' करतं, आणि आतून गंजाची पापडी गळते. विशेष बघायच्या जागा म्हणजे पाट्यांचे हँगर जिथं बसतात त्या, सगळ्यात मागचा आडवा मेंबर, आणि बॅटरीच्या खालचा भाग, कारण तिथं वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकतं. आमची चॅसिस दोनच जागी 'थप' म्हणाली. मागच्या आडव्या मेंबरवर आणि डाव्या मागच्या हँगरजवळ. मिस्त्रींच्या मते दुरुस्त होण्यासारखी.

दुसरी तपासणी इंजिनची. दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून कधीही स्टार्टर मारू नका. आत रिंगा चिकटल्या असतील तर होतं नव्हतं ते जाईल. हीटर प्लग काढायचे, त्या भोकांतून थोडं ऑइल आत सोडायचं, दोन दिवस थांबायचं, आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं, सावकाश फिरवायचं. आम्ही हे केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुली आधी हलेना. मग एक बोटभर हलली, आणि मग पूर्ण एक फेरा फिरली. मी ओरडलोच. मागं बघितलं तर अप्पा ओट्यावरून उठून आत निघून गेले होते.

ते लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

आता पैसे. मी काय केलं असेल? बरोबर, एक्सेल शीट. इंजिनचं पूर्ण काम ९०,०००. पत्रा आणि पेंट ७०,०००. स्टेपनीसकट पाच टायर ३५,०००. पाटे, बुश, स्टिअरिंग, किंगपिन १८,०००. ब्रेक २०,०००. वायरिंग १२,०००. कागदपत्रं, विमा वगैरे २५,०००. बेरीज दोन लाख सत्तर हजार. हे आकडे मला आमच्या भागात मिळाले, तुमच्याकडे वेगळे असतील. मिस्त्रींना दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "दीडपट धरा." म्हणजे चार लाख पाच हजार.

आणि आता खरी गंमत ऐका. मी शोध घेतला तेव्हा तेवढ्याच पैशांत, किंबहुना थोड्या कमीत, चालती, कागद चालू असलेली जीप मला मिळत होती. याचा सरळ अर्थ असा की पैशांच्या हिशोबानं जुनी गाडी बांधणं हा तोट्याचा धंदा आहे. 'स्वस्तात पडेल' हे कारण तुमच्या मनात असेल तर आत्ताच सोडून द्या. बांधायचीच असेल तर कारण दुसरं हवं, आणि ते स्वतःला स्पष्ट सांगता यायला हवं.

मग वेळ. हौशी माणसाचं गणित इथं झोपतं. मिस्त्रींनी आणि मी मिळून अंदाज काढला, माझ्या हातानं करायची कामं साधारण चारशे तासांची. पुणे ते गाव चार तास. महिन्यातून दोन शनिवार-रविवार गेलो तर हातात महिन्याला वीस तास. चारशे भागिले वीस म्हणजे वीस महिने. सगळं सुरळीत गेलं तर! माझी बायको शेजारी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे पावणेदोन वर्षं आपले निम्मे वीकेंड तिकडं. हे तू ठरवलंयस की आपण ठरवलंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या खात्यात सहा लाख आहेत आणि ते फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी आहेत. दोघांचे आहेत. त्यातले चार लाख चिंचेखाली पुरायचे का, हा प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हताच.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढं ढकलू नका. बहुतेक जण शेवटी बघतात आणि तिथंच अडकतात.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. आमची १९९२ ची, म्हणजे २००७, २०१२, आणि मग २०१७ ला जी संपली ती संपलीच. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा तर हवाच. शुल्कं बदलत राहतात, २०२२ मध्ये जुन्या गाड्यांसाठी बरीच वाढली, त्यामुळे मित्रानं सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, आरटीओत स्वतः विचारा.

'व्हिंटेज म्हणून नोंदव ना' असा सल्ला मला चार जणांनी दिला. तो नियम २०२१ मध्ये आला, पण पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. आमची तेहतीस वर्षांची. 'नवीन इंजिन टाक' असं सांगणारेही भेटले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलंय. रील्समध्ये दिसणाऱ्या उंच टायरांच्या, भलतंच इंजिन बसवलेल्या जीपा बघून ठरवू नका. अपघात झाला आणि विमा कंपनीनं हात वर केले तर रील करणारा येत नाही.

आणि चॅसिस नंबर. आरसी बुक हातात घ्या, गंज घासा आणि एकेक आकडा जुळवून बघा. नाही जुळला तर एक रुपयाही घालू नका.

आमचा जुळला. पण आरसीवर नाव आबांचं. आबा २०१९ मध्ये गेले. म्हणजे आधी वारसानं नाव लावायचं, फॉर्म ३१. आणि त्याला सगळ्या वारसांची संमती. अप्पा, दोन आत्या, आणि नाना. नाना म्हणजे माझे धाकटे काका. आत्यांनी फोनवरच 'कर बाबा' म्हटलं. नाना म्हणाले, "मी सही देणार नाय." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, जमिनीचं काहीतरी असणार. वाटणी झालीये, बांध एक आहे, आपल्याकडं कारणांना काय तोटा? मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही बोला ना नानांशी." अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला ऑगस्ट २०१५ ची गोष्ट सांगितली. दहा वर्षांनी.

गाडी बंद पडली नव्हती. वरच्या वाडीवरून दूध घेऊन उतरताना ब्रेकचा पेडल तळाला गेला. आमच्या गाडीला जो मास्टर सिलिंडर बसवलेला होता तो एकाच खणाचा. म्हणजे चारही चाकांना एकच लाइन, कुठंही एका जागी गळती लागली की चारही ब्रेक गेले. अप्पांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि दरीकडं जाण्याऐवजी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. कॅन उधळले. शेजारच्या सीटवर नानांचा मुलगा होता, माझा चुलतभाऊ. तेव्हा चौदा वर्षांचा. त्याचा उजवा हात कोपरात मोडला. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. मला सांगितलं होतं की सायकलवरून पडला.

आणि अप्पा पुढं म्हणाले, "पेडल मऊ लागाय लागून पंधरा दिस झालं हुतं. मला म्हाईत हुतं. दुधाचा हंगाम हाय, पोळा झाला की बघू म्हनलं."

मंडळी, मी प्रॉडक्शनमध्ये असंच म्हणतो. 'माहितीये, बग आहे, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.' पण माझ्या बगनं कुणाचा हात मोडत नाही.

पुली फिरली तेव्हा अप्पा आत का निघून गेले, ते मला त्या रात्री कळलं. मी विचारलं, "मग भंगारात देऊया का?" ते म्हणाले, "द्यायची तर दे. मला ती चालू झालेली बघायची न्हाय असं न्हाय. पर तू चालवशील, त्याचं भ्या वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो. सही मागायला नाही, एवढंच सांगायला की मला आजवर माहीत नव्हतं. नाना काही बोलले नाहीत. चुलतभाऊच बोलला. तो आता चोवीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, "दादा, बनवायची असंल तर बनव. पर एक सांगतो. ब्रेक झाल्याबिगर इंजिनाला हात लावायचा न्हाय. आनि ब्रेकचं काम झालं की पयलं मी बघणार."

मी हे मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, पोरगा शहाणा आहे. हौशी लोक नेहमी इंजिनपासून सुरू करतात, कारण इंजिन आवाज करतं, व्हिडिओ चांगला येतो. मग इंजिन सुरू झालं की मोह आवरत नाही, 'फक्त गेटपर्यंत' म्हणत गाडी बाहेर निघते. ब्रेक नसलेली. म्हणून क्रम असा हवा: चॅसिस, ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन, आणि पेंट सगळ्यात शेवटी. स्टिअरिंग म्हणजे किंगपिनचे बेअरिंग आणि टायरॉडचे एंड. ते झिजले की ठरावीक वेगाला पुढची चाकं अशी थरथरतात की हातात काही राहत नाही.

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या, त्या तुम्हालाही सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच शिरायचं नाही, स्टँड लावायचे किंवा जाड लाकडी ठोकळे. आणि जुन्या ब्रेक शूची धूळ हवेनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा.

मग शेवटी काय ठरवलं?

मी आणि बायकोनं बसून ठरवलं ते असं. चकचकीत करायची नाही, सुरक्षित आणि चालती करायची. पेंटचे बहुतेक पैसे त्यामुळे गेले. पत्रा जिथं कुजलाय तिथंच बदलायचा, बाकीचे पोचे राहू द्यायचे. पहिला टप्पा फक्त तीन गोष्टींचा: कागद, चॅसिसच्या दोन जागांचं वेल्डिंग, आणि ब्रेक. त्यात दोन खणांचा मास्टर सिलिंडर, नवे पाइप, चारही व्हील सिलिंडर. या टप्प्याला साठ हजार आणि सहा महिने. फ्लॅटच्या पैशांना हात लावायचा नाही, माझ्या बोनसमधून जेवढं होईल तेवढंच. वेल्डिंग आणि इंजिनची मशिनिंगची कामं मिस्त्री करणार, मी नाही. उघडणं, साफ करणं, फोटो काढून पिशव्यांवर नाव टाकणं, परत बसवणं एवढं माझं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं कधी तेही आधीच लिहून ठेवलंय. वेल्डिंग करताना चॅसिस आणखी कुठं सडलेली निघाली, तर थांबायचं. साठ हजार संपले आणि ब्रेक झाले नाहीत, तर थांबायचं. अप्पा 'नको' म्हणाले, तर त्याच दिवशी थांबायचं. थांबलो तर गाडी भंगारात जाईल, पण रीतसर, आरटीओत नोंदणी रद्द करून. नाहीतर आपल्या नावाची आरसी आणि नंबर कुठं फिरत राहतील काही सांगता येत नाही.

हे सगळं गाडी उघडायच्या आधी लिहायचं असतं, कारण एकदा ती शंभर तुकड्यांत अंगणात पसरली की आपण शहाणपणानं विचार करत नाही. 'एवढे घातलेत, अजून थोडे घालू' हे वाक्य तेव्हा फार गोड वाटतं. अर्धवट उघडलेल्या गाडीला भंगारवाला पस्तीस हजारसुद्धा देत नाही, हेही लक्षात असू द्या.

तर तुमच्याही घरामागं काही उभं असेल, तर या वीकेंडला एवढंच करा. एक हातोडी घ्या, आरसी बुक शोधा, नंबर जुळवा. आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारा की ही गाडी नेमकी का थांबली होती. उत्तर 'बंद पडली' असं आलं तर थोडा वेळ तिथंच बसा, चहा घ्या, परत विचारा.

मी अजून एकही नट खोललेला नाही. गेल्या रविवारी नानांनी फॉर्मवर सही केली. काही बोलले नाहीत, पेन खिशाला लावलं आणि उठले. जाताना मागच्या दारानं गेले, चिंचेखालून. गाडीच्या बॉनेटवर पडलेला पाला हातानं झाडला, आणि घरी गेले.

तुमच्याकडच्या गाडीची गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. ब्रेकचं काम झालं की परत याच विषयावर भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पेडल मऊ लागत असेल तर आजच दाखवून या. भेटूया!